उमेदवारीचें वर्ष

गेल्या महिन्यांत सांगलीकडील एका वाचक गृहस्थांचें आम्हांस पत्र आलें. घर एकत्र, माणसें चौदा, आणि पत्र लिहिणारे घरांतील सर्वांत वडील आजोबा. त्यांची नात यंत्रशास्त्राची पदवी घेऊन या उन्हाळ्यांत घरीं आली आहे. तिच्या हातीं दोन नेमणूकपत्रें आहेत. पहिलें पुण्यास हिंजवडी येथील एका संगणक-कंपनीचें. एकच जागा, एकच टेबल आणि पगार चांगला. दुसरें एका यंत्रें बनविणाऱ्या कारखान्याचें. तेथें पहिलें वर्ष 'ग्रॅज्युएट इंजिनीयर ट्रेनी' म्हणून राहावयाचें, दर तीन महिन्यांनीं खातें बदलावयाचें, त्यांतील एक तिमाही गुजराथेंतील शाखेंत काढावयाची, पगार पहिल्यापेक्षां बराच कमी, आणि शिवाय तीन वर्षें नोकरी न सोडण्याचा करार. घरांत दोन तट पडले आहेत. काकांचें म्हणणें कीं, चार वर्षें फी भरून शिकविलेली मुलगी पुन्हां शिकाऊ म्हणून कां राहावी? आजींचें म्हणणें कीं, वर्षांत चार ठिकाणीं फिरणाऱ्या मुलीचें लग्न कोणत्या गांवीं जमवावयाचें? मुलीचे वडील पहिल्या बाजूस झुकलेले, आई दुसऱ्या. आजोबांचा प्रश्न मात्र नेमका आहे: हें वर्ष कमाईंत धरावें कीं खर्चांत?

प्रश्न त्या एकाच घरचा असता तर खासगी पत्रानेंच उत्तर धाडलें असतें. पण हल्लीं आपल्या बहुतेक घरांतून एखादें तरी मूल अभियंत्याच्या अभ्यासक्रमास असतें, आणि पदवीच्या आगेंमागें 'इंटर्नशिप', 'अप्रेंटिस', 'ट्रेनी', 'रोटेशन' असे शब्द माजघरापर्यंत ऐकूं येऊं लागतात. वडील मंडळींस त्यांतील भेद उमगत नाहीं, आणि मुलांस तो समजावून सांगण्याइतका धीर नसतो. म्हणून येथेंच लिहितों.

प्रथम काकांच्या आक्षेपाविषयीं. शिकलेल्या माणसानें पुन्हां शिकाऊ होण्यांत कमीपणा आहे, ही समजूत आपल्याकडे जुनी नव्हे. 'उमेदवार' हा शब्दच पाहावा. फारसींत 'उमेद' म्हणजे आशा; आशा धरून राहिलेला तो उमेदवार. आपल्या पणजोबांच्या पिढींत कित्येक तरुण मामलेदार कचेरींत बिनपगारी उमेदवारी करीत. कारकुनाशेजारीं बसून दप्तर कसें बांधावें, अर्जावर शेरा कसा लिहावा, हें ते पाहून पाहून शिकत आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहात. पुढें निवडणुकांनीं हा शब्द पळविला आणि त्याचा मूळ अर्थ मागें पडला. तथापि सरकारी मराठींत अप्रेंटिसास आजही 'शिकाऊ उमेदवार' असेंच म्हणतात.

याहूनही मागें जावयाचें तर नारदस्मृतींत अशा शिकाऊ माणसाचा स्वतंत्र विचार आहे. तेथें त्यास 'अंतेवासी' म्हटलें आहे, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. आम्ही जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें, पण हा भाग धर्मशास्त्राचा म्हणून वाचला. तो कारखान्याच्या करारासही लागू पडतो हें या पत्रामुळें ध्यानांत आलें. स्मृतिकारांचा आशय असा: शिल्प शिकूं इच्छिणाऱ्यानें आप्तांची संमति घ्यावी, किती काळ राहणार तें आधींच ठरवावें, आणि मग आचार्याकडे जावें. आचार्यानें त्यास आपल्या घरीं ठेवून जेवूं घालावें, पुत्राप्रमाणें वागवावें, आणि ठरलेल्या शिल्पावांचून दुसरें काम त्याच्याकडून करवून घेऊं नये. विद्या मुदतीपूर्वीं हस्तगत झाली तरी शिष्यानें मुदत पुरी करावी, आणि तेवढ्या काळांत त्याच्या हातून जें निपजेल तें आचार्याचें. निर्दोष आचार्यास मध्येंच सोडून जाणाऱ्या शिष्यास दंडही सांगितला आहे. तो इतका कडक आहे कीं येथें लिहीत नाहीं.

आतां यांत आजच्या कराराचें कोणतें कलम राहिलें? मुदत आहे, निर्वाहवेतन आहे, मुदतीपूर्वीं सोडल्यास दंड आहे. फक्त एक गोष्ट आजच्या करारांत बहुधा लिहिलेली नसते, ती म्हणजे दुसरें काम करवून घेऊं नये ही. नेमकी तीच या सर्व प्रकरणाची नाडी आहे, आणि तिच्याकडे पुढें यावयाचें आहे.

तत्पूर्वीं शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. शिकत असतांनाच सुटींत किंवा शेवटच्या सत्रांत महिना, दोन महिने, सहा महिने कारखान्यांत जाऊन बसणें, ती इंटर्नशिप. पिलानीच्या बिट्स संस्थेनें १९७३ सालीं 'प्रॅक्टिस स्कूल' या नांवानें हा क्रम अभ्यासक्रमांतच गोंवला. आतां अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेंही इंटर्नशिपला श्रेयांक दिले आहेत. दुसरा प्रकार कायद्याच्या शिकाऊ उमेदवाराचा. हा कायदा १९६१ चा. आरंभीं तो मुख्यतः कारागिरांपुरता होता, १९७३ च्या दुरुस्तीनें पदवी व पदविका घेतलेल्या अभियंत्यांस त्यांत जागा मिळाली. त्यांच्यासाठीं मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता अशीं चार मंडळें आहेत. २०१९ च्या नियमांनीं तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांस एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणें बंधनकारक केलें, आणि पदवीधरास महिना किमान ९,००० रुपये ठरविले. त्यांतील निम्मा भार केंद्र सरकार उचलतें. करार लेखी असतो आणि त्याची नोंद व्हावी लागते. कायदा या उमेदवारास कामगार मानीत नाहीं. परंतु कामाचे तास, सुरक्षितता आणि अपघात झाल्यास भरपाई यांचें संरक्षण त्यास आहे. वर्षाअखेर नोकरी देण्याचें बंधन मात्र धन्यावर नाहीं. हें शेवटचें वाक्य अनेक घरांतून कोणी वाचलेलें नसतें, आणि मग वर्ष सरल्यावर 'फसविलें' म्हणून ओरड होते.

तिसरा प्रकार आपल्या सांगलीच्या नातीचा. 'ग्रॅज्युएट इंजिनीयर ट्रेनी' ही कंपनीनेंच केलेली नेमणूक असते. नेमणूकपत्र हाच तिचा कायदा समजावा. वर्षभर खातींखातीं फिरवून मग कायम करावयाचें, हा तिचा नित्याचा साचा. दोन्ही प्रकारांत माणूस शिकाऊच म्हणवितो, पण एकास नोकरीची नुसती आशा असते, दुसऱ्याच्या पायाखालीं ती बहुधा आलेली असते. सांगलीच्या काकांनीं दोन्ही एकच समजून आक्षेप घेतला आहे.

हें फिरविणें कशासाठीं? अमेरिकेंत सिनसिनाटी येथील विद्यापीठांत हर्मन श्नायडर नांवाच्या प्राध्यापकानें १९०६ सालीं सत्तावीस विद्यार्थी घेऊन एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे दोन संच केले. एक संच आठवडाभर वर्गांत, तर दुसरा गांवांतील कारखान्यांत. पुढच्या आठवड्यांत अदलाबदल. त्यामुळें कारखान्यांतील जागा कधीं रिकामी पडत नसे, आणि सोमवारीं वर्गांत येणाऱ्या मुलाच्या डोक्यांत मागच्या शनिवारचा प्रश्न ताजा असे. आपल्याकडे बिहारांत जमालपूर येथें रेल्वेचा कारखाना १८६२ सालचा. तेथें १९२७ पासून 'स्पेशल क्लास अप्रेंटिस' म्हणून निवडक मुलें घेत. इंटर झालेला मुलगा चार वर्षें तेथेंच राही. कधीं पुस्तक, कधीं कारखाना. ओतशाळेंतील वाळू, लोहारशाळेंतील भट्टी, यंत्रशाळेंतील लेथ यांवर हात काळे केल्यावांचून तो रेल्वेचा साहेब होत नसे. २०१५ नंतर ती परीक्षा झाली नाहीं. बंद करणाऱ्यांचीं कारणें असतील; आम्हांस मात्र वाईट वाटलें.

पण जमालपूर राहो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलेली हकीकत याहून बोलकी आहे. तो पंप बनविणाऱ्या एका कारखान्यांत ट्रेनी होता. पहिली तिमाही जुळणीच्या खात्यांत. तेथें एका वयस्क फिटरापाशीं एक पाना होता, त्याची मूठ करवतीनें कापून आखूड केलेली. विचारतां कळलें कीं पंपाचा एक बोल्ट भिंतीच्या इतका लगत आहे कीं तेथें सबंध पाना फिरतच नाहीं. म्हणून हा खास पाना. तो हरवला तर काम अडे. अशीं सहा-सात वर्षें चाललेलीं. नकाशा काढणाऱ्यांस याचा पत्ता नाहीं, कारण त्यांतील कोणी जुळणींत कधीं उभा राहिला नव्हता. आणि फिटरानें सांगितलें नाहीं, कारण त्यास कोणी विचारलें नव्हतें. हा मुलगा शेवटच्या तिमाहींत नकाशाच्या खात्यांत गेला, नव्या नमुन्याचें काम चाललें होतें, आणि त्यानें तो बोल्ट बारा मिलिमीटर बाहेर सरकविला. एवढेंच. परंतु हे बारा मिलिमीटर कोणत्याही पुस्तकांत नव्हते. ते जुळणी आणि नकाशा या दोन खात्यांच्या मधल्या रस्त्यावर पडले होते, आणि तो रस्ता चाललेला माणूस त्या कारखान्यांत हा एकटाच होता.

तसेंच मोजमापाचें. वर्गांत विद्यार्थी नकाशावर एखाद्या छिद्रास मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्शाची मर्यादा सहज लिहून मोकळा होतो. त्या एका आंकड्यापायीं यंत्रशाळेंत साध्या ड्रिलवर भागणाऱ्या कामास आणखी एक-दोन क्रिया कराव्या लागतात, तपासणी खात्यांत निराळें गेज करावें लागतें, आणि तरीही दहांतले दोन भाग बाद होतात. तीन महिने तपासणींत बसून बाद भागांची रास मोजलेला अभियंता तो आंकडा लिहितांना हात आंखडतो. म्हणून फिरण्याचा खरा लाभ चार विद्या येण्यांत नसतो. तीन महिन्यांत कोणतीही विद्या येत नाहीं. आपल्या कामाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर कोठें पडतो, हें एकदां डोळ्यांनीं दिसतें.

सर विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं पदवीपरीक्षा पहिल्या क्रमांकानें उतरले आणि दुसऱ्या वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत सहायक अभियंता झाले. खानदेशांत पांझरेच्या पाण्यासाठीं दातर्ती येथें नळाचा सायफन बसविण्याचें काम त्यांच्याकडे आलें, तें पावसाळ्यांत. काम पाऊस ओसरेपर्यंत थांबवावें असें त्यांनीं सुचविलें. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. मग त्यांनीं पुराशीं झगडत तें पुरें केलें. ही गोष्ट त्यांनीं स्वतःच्या आठवणींत नमूद केली आहे. पदवीच्या परीक्षेंत पांझरेचा पूर नव्हता, आणि तो शिकविण्यास खानदेशांतच जावें लागलें.

येथपर्यंत वाचून आजोबांस वाटेल कीं आम्ही दुसऱ्या नेमणुकीच्या बाजूनें निकाल देऊन चुकलों. तसें नाहीं. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपल्यांत आहे, आणि ट्रेनी तर चार घरचा पाहुणा. प्रत्येक खात्यास ठाऊक असतें कीं हा तीन महिन्यांनीं जाणार. मग त्याच्यावर कोण श्रम घेतो? कित्येक ठिकाणीं खात्याचा प्रमुख त्यास एक खुर्ची, एक संगणक आणि जुन्या नोंदींचा ढीग देतो, आणि 'हे तक्ते भरून टाक' म्हणून सांगतो. तीन महिने तक्ते, पुढच्या खात्यांत पुन्हां तक्ते. नारदांनीं निषेध केलेलें दुसरें काम तें हेंच. इंटर्नशिपची अवस्था कांहीं ठिकाणीं याहून वाईट झाली आहे. श्रेयांकांसाठीं प्रमाणपत्र सर्वांस हवें, आणि शिकविण्यास राजी असलेले कारखाने थोडे. तेव्हां विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणारीं दुकानें निघालीं आहेत. उमेदवारानें बिनपगारी राबणें आपण ऐकून होतों. उमेदवारानेंच फी भरून न राबणें ही या काळाची भर. अशा कागदाचा उपयोग रद्दीइतकाच, आणि तो घेतलेल्या मुलाच्या मनावर पहिल्याच पायरीस खोटेपणाचा ठसा उमटतो तो निराळाच.

त्यामुळें नेमणूकपत्र हातीं आल्यावर वेतनाचा आंकडा मागाहून वाचावा. आधीं हें पाहावें कीं प्रत्येक खात्यांत या मुलीस कोण सांभाळणार, त्याचें नांव कोणी सांगूं शकतो काय. तिमाहीच्या शेवटीं तिनें स्वतःच्या हातानें केलेलें असें काय दाखवावयाचें आहे, आणि तें तपासणार कोण. वर्षाअखेर तिनें कोणत्या खात्यांत जावें हें ठरवितांना तिला विचारतात कीं नुसता हुकूम काढतात. याचीं उत्तरें कंपनीच्या कचेरीपेक्षां गेल्या वर्षींच्या ट्रेनींकडून खरीं मिळतात. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत असा कोणी ना कोणी सांपडतोच. त्यास एक संध्याकाळ घरीं चहास बोलवावें. तो आपल्या फिटराचें नांव घेऊन बोलूं लागला तर कारखाना चांगला. तो फक्त कंपनीच्या इमारतीचें आणि उपाहारगृहाचें वर्णन करूं लागला तर सावध व्हावें.

तीन वर्षांच्या कराराची भीति घरांस फार वाटते. तिच्यांत तथ्य आहे, पण सारासार पाहावा. विजया बँकेच्या एका प्रकरणांत मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें किमान तीन वर्षें सेवा न केल्यास दोन लक्ष रुपये भरण्याची अट वैध ठरविली. तो अधिकारी ट्रेनी नव्हता, हें खरें; तथापि 'असले बंध कागदावरच असतात, न्यायालयांत टिकत नाहींत' असें मित्रमंडळी छातीठोकपणें सांगतात त्यावर विसंबूं नये. रक्कम किती, मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात, शिकण्याचें वर्ष तींत धरलें आहे काय, एवढें स्वच्छ विचारून घ्यावें आणि मगच सही करावी. मूळ पदवीपत्र ठेवून घेणाऱ्या ठिकाणीं मात्र मुळींच सही करूं नये.

आजींच्या आक्षेपास आमचें उत्तर थोडें आहे. आपल्याच पिढीनें बदलीच्या नोकरींतील जावई मोठ्या आनंदानें पसंत केले; ते तर दर तीन वर्षांनीं गांव बदलीत आणि लेकी बिऱ्हाड पाठीशीं घेऊन त्यांच्यामागें जात. मुलीची बदली तेवढी नडावी असें कांहीं नाहीं. राहण्याच्या जागेची आणि रात्रपाळीच्या वाहनाची चौकशी अवश्य करावी. ती मुलगा असता तरी करावयाची होती.

आतां एक गोष्ट, जी लिहावी कीं नाहीं याचा आम्हीं दोन दिवस विचार केला. २००९ सालीं आमचा एक विद्यार्थी असाच दोन पत्रें घेऊन आमच्या घरीं आला होता. एक कारखान्याचें, एक संगणकाच्या कंपनीचें. त्याच्या वडिलांनीं शिक्षणासाठीं कर्ज काढलें होतें, तें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं पगाराचे आंकडे पाहिले, कर्जाचा हप्ता मनांत मांडला, आणि पंधरा मिनिटांत सांगितलें कीं संगणकाकडे जा. तो गेला. कर्ज फिटलें, घर झालें, आज तो सुखांत आहे आणि त्याची आमच्याविषयीं कांहींच तक्रार नाहीं. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला असतां बोलतां बोलतां म्हणाला कीं, शाळेंत असतांना मी घड्याळें उघडीत असें, तें तुम्हीं एकदां पकडलें होतें, आठवतें कां सर? आम्हांस आठवलें. छडीही आठवली. २००९ सालीं त्या संध्याकाळीं आम्हांस तें आठवलें नव्हतें, आणि तुला स्वतःला काय करावेंसें वाटतें हें त्यास विचारण्याचेंही सुचलें नव्हतें. सल्ला चुकीचा होता असें आजही म्हणवत नाहीं. तो न विचारतां दिला, इतकेंच.

तेव्हां सांगलीच्या आजोबांस उत्तर असें. वर्ष कमाईंत धरतां येईल, पण शिकविणारा माणूस तेथें असेल तरच. तो आहे कीं नाहीं हें रुजू होण्यापूर्वीं शोधून काढणें शक्य आहे, आणि त्यासाठीं आपल्याजवळ अजून तीन आठवडे आहेत. घरावर कर्ज असेल तर तेंही वजनांत धरावें. त्याचा उल्लेख पत्रांत नाहीं. आणखी एका गोष्टीचा उल्लेख नाहीं. चार पानांच्या पत्रांत काकांचें मत आहे, आजींचें आहे, आईवडिलांचें आहे, आपलेंही आहे. नातीचें मात्र एकाही ओळींत नाहीं. तें विचारून पुन्हां पत्र लिहावें. शक्य तर तिच्याच हातचें असावें.